खेळते भांडवल : साखर कारखान्याच्या हिशोबातून

बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला वित्तीय व्यवस्थापनात 'खेळते भांडवल' हा घटक असतो. व्याख्या सगळ्यांची पाठ असते. चालू मालमत्तेतून चालू देणी वजा केली की झालं! पण नफ्यात असलेल्या संस्थेकडे पगाराला पैसे का नसतात, असं विचारलं की वर्ग गप्प होतो. पुस्तकात बहुतेक वेळा कापड गिरणीचं किंवा फर्निचरच्या दुकानाचं उदाहरण असतं. आपल्याकडची बरीच मुलं ऊसपट्ट्यातली आहेत, म्हणून आपण साखर कारखाना घेऊ.

आधी कारखान्याचं वेळापत्रक बघा. गाळप साधारण नोव्हेंबर ते मार्च, म्हणजे जेमतेम पाच महिने चालतं. तेवढ्यात वर्षभराची साखर तयार होते. ती विकायची मात्र बारा महिने. एकदम विकली तर भाव पडतो. शिवाय जून 2018 पासून कोणत्या कारखान्याने महिन्याला किती साखर विकायची याचा कोटा केंद्र सरकार ठरवून देतं. म्हणजे मनात असलं तरी गोदाम रिकामं करता येत नाही.

देण्याची बाजू उलट आहे. ऊस नियंत्रण आदेश, 1966 प्रमाणे ऊस घातल्यापासून 14 दिवसांत शेतकऱ्याला पैसे द्यायचे. उशीर झाला तर 15 टक्के व्याज. पैसा जातो पंधरवड्यात आणि येतो वर्षभर. मधलं अंतर भरून काढायला जो पैसा लागतो, तेच खेळते भांडवल.

आता वही घ्या. समजा एक कारखाना महिन्याला 1 लाख टन, असे पाच महिन्यांत 5 लाख टन ऊस गाळतो. 2024-25 हंगामाची एफआरपी 10.25 टक्के उताऱ्याला क्विंटलमागे 340 रुपये, म्हणजे टनाला 3,400 रुपये होती. तोच दर आणि तोच उतारा धरू. (तोडणी-वाहतूक यातूनच कापली जाते, पण कारखान्याच्या तिजोरीतून रक्कम तेवढीच बाहेर पडते.) महिन्याला उसाचे 34 कोटी, पाच महिन्यांचे 170 कोटी.

साखर तयार झाली 51,250 टन. किलोला 36 रुपये भाव धरला तर वर्षाची विक्री 184.5 कोटी. पगार, दुरुस्ती, मळी, बगॅस हे सगळं सोपेपणासाठी बाजूला ठेवू. वरकरणी 14.5 कोटी शिल्लक दिसतात. नफा-तोटा पत्रक इथेच थांबतं, आणि आपली मुलंही इथेच थांबतात.

पण महिन्याचा हिशोब करून बघा. विक्री समान धरली तर दरमहा 15.375 कोटी येतात आणि गाळपाच्या काळात दरमहा 34 कोटी जातात. तूट 18.625 कोटी. पाच महिन्यांनी ती 93.125 कोटी होते. नफ्यातला कारखाना आणि मार्चअखेर 93 कोटींचा खड्डा! दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. हे ज्याला समजलं त्याला हा धडा समजला, असं मी म्हणेन.

हा खड्डा बँक भरते. गोदामातली साखर तारण ठेवून मालतारण कर्ज मिळतं. मार्चअखेर सात महिन्यांची साखर शिल्लक आहे, किंमत सुमारे 107.6 कोटी. बँक पूर्ण किंमत देत नाही, काही भाग दुरावा म्हणून राखते. दुरावा 15 टक्के धरला तर कर्ज मिळेल सुमारे 91.5 कोटी. हवे होते 93.1. म्हणजे पगार-दुरुस्ती हिशोबात धरायच्या आधीच दीड कोटीहून जास्त कमी पडले.

व्याजही काढा. कर्ज पाच महिने चढतं आणि पुढे साधारण सहा महिन्यांत फिटतं. म्हणजे अकरा महिने सरासरी निम्मं, सुमारे 46.5 कोटी धरू. 10 टक्क्यांनी व्याज होतं सव्वाचार कोटींच्या आसपास. टनामागे 85 रुपये. वरच्या 14.5 कोटींतले सव्वाचार कोटी फक्त वाट बघण्यात गेले.

गुणोत्तरांकडेही एक नजर टाका. चालू गुणोत्तर येतं 107.6 भागिले 93.1, म्हणजे 1.16. बरं दिसतं. पण त्वरित गुणोत्तरात साठा धरत नाहीत, आणि इथे साठ्याशिवाय दुसरं आहे काय? ते शून्यावर येतं. परीक्षेत दोन्ही सूत्रं विचारतात, फरक का पडतो हे कुणी विचारत नाही. इथेनॉलकडे कारखाने वळले त्यामागेही हे एक मोठं कारण आहे. तेल कंपन्यांचे पैसे साखरेच्या मानाने लवकर येतात आणि चक्र आखूड होतं.

राहिला शेतकरी. त्याचंही खेळते भांडवल असतं, फक्त त्याला कुणी ते नाव देत नाही. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने रानात उभा असतो. बेणं, खत, पाणी, सोसायटीचं पीककर्ज, सगळं आधी गेलेलं असतं. कारखान्याने पैसे थांबवले की कारखान्याचं चक्र सुटतं आणि त्याचं लांबतं. पुस्तकी भाषेत हे 'व्यापारी उधारी'तून मिळालेलं भांडवल, स्वस्त आणि विनातारण! स्वस्त कुणाला, हे मात्र पुस्तक सांगत नाही. 2022 मध्ये राज्य सरकारने एफआरपी दोन टप्प्यांत द्यायला परवानगी दिली होती. मार्च 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. हा वाद वरवर कायद्याचा दिसतो, पण मुळात प्रश्न एवढाच आहे की साखर विकेपर्यंत वाट कुणाच्या पैशावर बघायची.

आता एक गणित तुम्ही सोडवा. बाकी सगळं तसंच ठेवा, फक्त साखरेचा भाव 36 ऐवजी 33 रुपये धरा. उत्तर पडताळायला आकडे देतो. वर्षाची विक्री 169.1 कोटी, मार्चअखेरची तूट 99.5 कोटी, साठ्याची किंमत 98.7 कोटी आणि त्यावर बँकेचं कर्ज 83.9 कोटी. भाव तीन रुपयांनी उतरला, गरज वाढली आणि नेमकं तेव्हाच कर्ज घटलं. उरलेले सुमारे 15.7 कोटी कारखान्याच्या वहीत 'ऊस बिल देणे' या नावाने दिसतील. गावात त्यालाच थकीत एफआरपी म्हणतात.