आपले हृदय

आपल्या छातीत थोडे डावीकडे हृदय असते. ज्याचे हृदय त्याच्या मुठीएवढे असते. म्हणून माझे लहान आणि बाबांचे मोठे.

विहिरीवरची मोटार जसे पाणी शेतात ढकलते, तसे हृदय रक्त सगळ्या अंगात ढकलते. हृदयाला चार कप्पे असतात. उजव्या बाजूचे रक्त फुफ्फुसात जाते. तिथे त्याला प्राणवायू मिळतो. मग ते डाव्या बाजूला येते आणि तिथून सगळ्या अंगात जाते. हृदयापासून रक्त नेणाऱ्या नळ्यांना रोहिणी म्हणतात आणि परत आणणाऱ्या नळ्यांना नीला म्हणतात. रक्त असे गोल फिरते हे इंग्लंडच्या विल्यम हार्वे या डॉक्टरांनी १६२८ साली पुस्तकात लिहिले.

मोठ्या माणसाचे हृदय मिनिटाला सुमारे ७२ वेळा पडते. मी गुणाकार केला. तासाला ४,३२० आणि दिवसाला १,०३,६८० ठोके झाले! लाइट गेली की मोटार थांबते. हृदयाला सुट्टीच नाही.

प्रयोग : मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटे ठेवा आणि एक मिनिट नाडी मोजा. गुरुजींनी घड्याळ धरले तेव्हा माझी नाडी ८८ भरली. मैदानाला दोन चकरा पळून आल्यावर १३६ भरली. पळताना पायांना जास्त रक्त लागते, म्हणून हृदय जोरात काम करते. लहान मुलांची नाडी मोठ्यांपेक्षा जलद असते.

ठिबकच्या नळीत क्षार साचले की पाणी पुढे जात नाही. तशीच रोहिणीत आतून चरबी साचते. हृदयाचे स्वतःचे रक्त अडले की झटका येतो. तंबाखू, बिडी, जास्त मीठ आणि वाढलेला बीपी यांनी हे लवकर होते.

आमच्या आजोबांचा बीपी १७० निघाला. चांगला बीपी १२० आणि ८० च्या आसपास असतो. डॉक्टरांनी रोजची गोळी दिली. दोन महिन्यांनी आजोबा म्हणाले, "मला तर काहीच होत नाही, गोळी कशाला खाऊ?" आणि बंद केली. सिस्टर घरी आल्या, मोजला, तर परत १६८. सिस्टर म्हणाल्या, "बाबा, बीपी दुखत नसतो. म्हणून तर तो मोजावा लागतो." आता रोज सकाळी गोळी आणि पाण्याचा तांब्या द्यायचे काम माझ्याकडे आहे.

मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. पी. के. सेन यांनी १९६८ साली एका रुग्णाला दुसऱ्याचे हृदय बसवले. तो रुग्ण काही तासच जगला. पुढे ३ ऑगस्ट १९९४ रोजी दिल्लीच्या एम्स रुग्णालयात डॉ. पी. वेणुगोपाल यांनी ही शस्त्रक्रिया यशस्वी केली. म्हणजे शिकायला २६ वर्षे लागली. त्यापेक्षा आहे ते हृदय सांभाळणे सोपे.

हृदयासाठी नियम :
१) दिवसाला मीठ ५ ग्रॅमपेक्षा कमी खावे, म्हणजे एक लहान चमचा. यात ठेचा, लोणचे, पापड यांतले मीठ पण धरायचे. ताटात वरून मीठ घेऊ नये.
२) तंबाखू, बिडी, गुटखा नको. मिश्री पण तंबाखूच असते.
३) भाकरी, डाळ, पालेभाजी, फळे खावीत. तळलेले कमी खावे.
४) रोज चालावे, खेळावे.
५) मोठ्यांनी वर्षातून एकदा तरी बीपी मोजून घ्यावा. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करू नये.
६) छातीत दाबल्यासारखे झाले, हात दुखला, दरदरून घाम आला तर "गॅस झाला असेल" म्हणून घरी बसू नये. लगेच १०८ ला फोन करावा. ही गाडी फुकट येते.

पालकांनो, माझी विनंती आहे. आमच्याकडून पाढे पाठ करून घेता, तसे तुम्ही हे सहा नियम पाठ करा.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी,
जि. प. प्राथमिक शाळा, धावडा