मेंढवाड्याचा राखणदार : धनगरी कुत्र्याचा स्वभाव आणि निगा

पंचवटी म्हटले की रामकुंड, काळाराम मंदिर आणि तपोवन डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु याच पंचवटीच्या पाठीशी म्हसरूळ, मखमलाबाद व आडगाव यांची शिवारे पसरली आहेत. नाशिक जिल्ह्यात पावसाळा ओसरून खरिपाची पिके निघाली, की सिन्नर, येवला, नांदगाव यांसारख्या अवर्षणप्रवण तालुक्यांतील मेंढपाळ चाऱ्यासाठी बाहेर पडतात. मोकळ्या झालेल्या शेतात मेंढ्या बसविल्या जातात व लेंडीखताच्या मोबदल्यात शेतकरी धान्य अथवा रोख रक्कम देतो. घोड्याच्या पाठीवर संसार, पुढे मेंढका, मध्ये दख्खनी मेंढ्यांचा कळप आणि त्यांच्या आगेमागे एकदोन कुत्री, असे हे बिऱ्हाड असते. खंडोबाच्या चित्रांत घोड्याशेजारी कुत्रा दिसतो, तो उगाच नव्हे.

मुधोळ किंवा कारवान कुत्र्याप्रमाणे या कुत्र्याला रंगरूपाची ठरावीक चौकट नाही. त्याची निवड झाली ती कामावरून. जो रात्री जागला आणि ज्याने कोकराला तोंड लावले नाही, तो वाड्यात राहिला.

परदेशातील मेंढपाळ कुत्र्यांविषयी वाचून अनेकांची अशी समजूत होते, की मेंढ्या हाकणे हेच कुत्र्याचे काम होय. स्कॉटलंड व इंग्लंडच्या सीमेवरील कोली कुत्रा नजरेच्या धाकाने मेंढ्या गोळा करतो, हे खरे आहे. आपल्याकडे मात्र कळप मेंढक्याच्या हाकेवर चालतो. कुत्र्याकडे राखण असते. लांडग्याची चाहूल लागताच भुंकून वाडा जागा करणे आणि कळप व शत्रू यांच्यामध्ये उभे राहणे, एवढे त्याने केले की पुरे. शहरात बंगल्याच्या फाटकाशी बांधलेला अल्सेशियनदेखील मूळचा जर्मनीतील मेंढपाळांचाच कुत्रा. तेथे 1899 मध्ये त्याच्या जातीची संस्था स्थापन झाली. दिवसभर साखळीला असलेले असे जनावर चिडखोर झाले, तर दोष जनावराचा मानता येत नाही.

राखणदार कुत्र्याचा स्वभाव लहानपणीच घडतो. जन्मानंतर सुमारे तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यापर्यंत पिलू ज्यांच्या सहवासात वाढते, त्यांना ते आपले मानू लागते. म्हणून पिलू कोकरांजवळ वाढविणे इष्ट होय. याच काळात माणसांचा, विशेषतः मुलांचा, हात त्याच्या अंगावरून फिरला पाहिजे. अन्यथा मोठेपणी ते परक्या माणसावर धावून जाते. कोकराशी दांडगाई करणाऱ्या पिलाला तेथल्या तेथे दटावावे, मारू नये. वाड्याजवळून जाणाऱ्यानेही धावू नये, दगड उचलू नये. जागीच थांबून मेंढक्याला हाक द्यावी. शाळेच्या वाटेवर वाडा उतरला असेल, तर शिक्षकांनी मुलांना एवढे अवश्य सांगावे.

निगेच्या बाबतीत सर्वांत दुर्लक्षित विषय जंतांचा आहे. मेंढी मेली वा कापली, की तिची आतडी, फुप्फुसे किंवा डोके कुत्र्यापुढे टाकण्याची सवय सर्रास आढळते. अशा मांसात गाठी असल्यास कुत्र्याच्या आतड्यात फितीसारखे जंत वाढतात. त्यांची अंडी विष्ठेवाटे गवतावर पडतात आणि चरताना मेंढीच्या पोटात जातात. एका प्रकारच्या जंताची गाठ मेंढीच्या मेंदूत वाढते. मेंढी मान वाकडी करून एकाच बाजूला गोल फिरू लागते आणि बहुधा दगावते. दुसऱ्या प्रकारच्या जंताची अंडी माणसाच्या पोटात गेल्यास यकृतात वा फुप्फुसात पाण्याच्या मोठ्या गाठी होतात. मेंढका ज्याला दैवाचा फेरा समजतो, तो पुष्कळदा त्याच्याच कुत्र्यामार्फत फिरत असतो. यावरील उपाय अल्पखर्चाचा आहे. कच्चे अवयव खोल पुरावेत अथवा चांगले शिजवूनच द्यावेत, आणि पशुवैद्यकाने ठरविलेल्या प्रमाणात प्राझिक्वान्टेल हे औषध ठरावीक अंतराने द्यावे. मेंढ्यांसाठी आणलेले जंतनाशक अंदाजाने कुत्र्याला पाजणे धोक्याचे आहे. कोली जातीच्या अनेक कुत्र्यांना तर आयव्हरमेक्टिनची मोठी मात्रा जीवघेणी ठरते.

ताक किंवा दुधात कुस्करलेली भाकरी हा या कुत्र्याचा नेहमीचा आहार होय. वाढत्या पिलाला व व्यालेल्या कुत्रीला तेवढ्याने भागत नाही. त्यांना दूध, अंडी, शिजविलेले मांस मिळावे. नाशिकच्या संदर्भात आणखी एक सूचना अगत्याची आहे. कांदा कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट करतो, तर द्राक्षे व बेदाणे त्याचे मूत्रपिंड निकामी करू शकतात. ज्या जिल्ह्याची कीर्तीच कांदा आणि द्राक्षे यांवर उभी आहे, तेथे छाटणीच्या बागेत किंवा कांद्याच्या चाळीजवळ वाडा उतरल्यास कुत्र्याच्या तोंडाकडे लक्ष हवे. उरलेली कांद्याची भाजीही त्याला घालू नये.

पिसाळ रोगाची लस तिसऱ्या महिन्यात, त्यानंतर पशुवैद्यकाच्या सल्ल्याने पुढील मात्रा व दरवर्षी पुन्हा, असा क्रम ठेवावा लागतो. कुत्र्यांपासून होणाऱ्या या रोगाचे 2030 पर्यंत उच्चाटन करण्याचा राष्ट्रीय कृती आराखडा 2021 मध्ये जाहीर झाला. परंतु गावात लसीकरणाचे शिबिर भरते तेव्हा वाडा शंभर मैलांवर असतो, आणि ज्या गावच्या शिवारात तो उतरलेला असतो, ते गाव त्याला आपला मानत नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये सुरू झालेल्या 21 व्या पशुगणनेत फिरत्या पशुपालकांच्या जनावरांची प्रथमच स्वतंत्र नोंद घेण्याचे ठरले. लसीकरणाचीही अशीच सोय व्हावयास हवी. शेतात मेंढ्या बसविणाऱ्या शेतकऱ्याला वाडा केव्हा येणार हे ठाऊक असते. त्याने ग्रामपंचायतीस व ग्रामपंचायतीने पशुवैद्यकीय दवाखान्यास कळविले, तर एका फेरीत मेंढ्यांचे व कुत्र्यांचे काम उरकते. लसीचा दाखला मेंढक्याकडेच द्यावा, म्हणजे पुढच्या मुक्कामी तो दाखविता येईल. कुत्रा चावल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी, हळद, चुना वा तिखट लावू नये आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. वाड्यावरच्या माणसांनाही हे केंद्र कोठे आहे, हे मुक्काम पडताच सांगून ठेवावे.