काटा दोनशे वीसचा, रस्ता ऐंशीचा

प्रश्न : मुलुंडहून अंधेरीला मी ॲपच्या टॅक्सीने जाते. एका गाडीचा काटा १८० पर्यंत, दुसरीचा २२० पर्यंत, तिसरीत काटाच नाही, नुसता आकडा. त्यात गाडी ६० दाखवते तेव्हा फोन ५५ म्हणतो. २२० वाली जास्त ताकदीची का? आणि खरं कोणाचं? — एक वाचक भगिनी, मुलुंड

उत्तर : पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’. तबकडीवरचा शेवटचा आकडा म्हणजे गाडीचा कमाल वेग, ही समजूत फार पसरलेली आहे. कंपनी एकच तबकडी लहान-मोठ्या इंजिनांच्या गाड्यांना आणि अनेक देशांच्या बाजारांना पुरवते, कारण वेगवेगळ्या बनवणं महाग पडतं. शिवाय प्रत्येक बाजाराची रीत निराळी. जपानमधल्या कंपन्यांनी आपापसात १८० ची मर्यादा पाळली, म्हणून तिकडच्या तबकड्याही तिथेच थांबू लागल्या. अमेरिकेने १९७९ मध्ये नव्या गाड्यांच्या तबकडीवर ८५ मैलांच्या, म्हणजे सुमारे १३७ किलोमीटरच्या, पुढे आकडाच नको असा नियम केला. गाड्या त्याहून वेगात जायच्या त्या जातच राहिल्या आणि थोड्याच वर्षांत नियम मागे घेतला गेला. आपल्याकडे मोटारींना समृद्धी महामार्गावर १२०, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर १०० आणि सी लिंकवर ८० ची परवानगी. म्हणजे २२० ची जवळजवळ अर्धी तबकडी कधी वापरातच येत नाही.

आता काटा आणि आकडा. आपल्या कुर्ल्यात बनलेल्या प्रीमियर पद्मिनीत गिअरबॉक्सपासून एक केबल निघून तबकडीमागे यायची. ती एक चुंबक फिरवायची, चुंबकाभोवती ॲल्युमिनियमची वाटी असायची. चुंबक फिरला की वाटीत विद्युतप्रवाह निर्माण होऊन ती सोबत ओढली जायची, बारीक स्प्रिंग तिला अडवायची आणि या ओढाताणीत काटा जिथे थांबेल तो वेग. हे तंत्र १९०२ मधलं, जर्मनीच्या ओटो शुल्झे यांचं. मला त्याचं आजही कौतुक वाटतं : ना बॅटरी, ना संगणक. आता चाकाजवळचा सेन्सर फेरे मोजतो, संगणक हिशेब करतो आणि काटा छोट्या मोटारीने हलतो. मग काटा ठेवायचा की पडद्यावर आकडा दाखवायचा, हा निव्वळ आराखड्याचा भाग. म्हणूनच काही गाड्यांत ० ते १०० चे आकडे ऐसपैस आणि पुढचे दाटीने बसवलेले दिसतात : रोज लागणारा भाग नीट वाचता यावा.

फोन आणि गाडी यांचं भांडण मात्र मुद्दाम लावून दिलेलं आहे. गाडी चाकाचे फेरे मोजून त्याला टायरच्या परिघाने गुणते. पण टायर झिजतो, हवा कमी होते. सुमारे ६० सेंटिमीटर व्यासाच्या टायरची नक्षी सहा मिलिमीटर झिजली, की नुसत्या त्यानेच दोन टक्के फरक पडतो. चूक होणारच असेल तर ती सुरक्षित बाजूला व्हावी, म्हणून संयुक्त राष्ट्रांचा ३९ क्रमांकाचा नियम सांगतो की गाडीने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवायचं नाही. जास्त दाखवलं तर एक दशांश अधिक चार किलोमीटरपर्यंत चालेल. खरा वेग ५५ असेल तर साडेचौसष्टपर्यंत माफ. तुमची गाडी ६० दाखवते, म्हणजे ती नियमातच आहे. फोन उपग्रहांच्या मदतीने प्रत्यक्ष वेग काढतो, त्यामुळे मोकळ्या, सरळ रस्त्यावर फोनचा आकडा जास्त खरा. बोगद्यात किंवा उंच इमारतींच्या गर्दीत तो गडबडतो.

काही चालक म्हणतात, काटा जास्त दाखवतो, तेव्हा ८० च्या रस्त्यावर ८५ बिनधास्त चालवा. हे धोक्याचं आहे. हौसेने मोठे टायर बसवलेल्या गाडीत प्रत्येक फेऱ्याला रस्ता जास्त कापला जातो, संगणकाला ते ठाऊक नसतं, आणि काटा खऱ्यापेक्षा कमीही दाखवू शकतो. चलन कॅमेऱ्याने मोजलेल्या वेगावर निघतं, काट्यावर नाही.

१ जुलै २०१९ पासून बनलेल्या मोटारींत ८० ओलांडल्यावर अधूनमधून आणि १२० ओलांडल्यावर सतत इशारा वाजतो. तबकडी १८० ची असो, २२० ची असो की पडद्याची, हा आवाज सगळ्यांत सारखाच आहे.