ताटावरचें रडें
मेथीची भाजी पाहतांच मूल तोंड फिरवितें, आणि आईबापांचा जीव कासावीस होतो. आम्हींही आपल्या घरीं धाक दाखवून घांस भरविले. त्यानें रडें वाढलें, भूक वाढली नाहीं. २ ते ६ वर्षांच्या वयांत अनोळखी पदार्थाची भीति वाटणें स्वाभाविक आहे. तो केवळ हट्ट नव्हे. तीच भाजी निरनिराळ्या दिवशीं १० ते १५ वेळां थोडीथोडी पुढें आली, म्हणजे पुष्कळदां रुचूं लागते. म्हणून काय व केव्हां वाढावें हें आईबापांनीं ठरवावें; किती खावें हें मुलावर सोडावें. गुळाची लालूच दाखविल्यास गूळ बक्षीस व भाजी शिक्षा ठरते. सर्वांनीं एकत्र बसून तीच भाजी आवडीनें खावी. मात्र मुलाचें वजन घटूं लागल्यास डाक्तरास दाखविण्यास विलंब करूं नये.