आधी क्लास वन, मग ॲडमिशन

विमानतळाच्या आड येणारी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी 15 जून 2023 रोजी पडली, 9 जून 2025 पासून होटगी रोडच्या विमानतळावरून गोव्याचं विमान उडू लागलं, आणि सोलापूरच्या पालकांच्या प्रश्नांत एकाची भर पडली : ‘पोरगा पायलट व्हायचं म्हणतोय, काय करू?’ त्यातल्या बऱ्याच पोरांची नजर आता एअरलाइनपेक्षा उद्योगपतींच्या प्रायव्हेट जेटवर असते. खासगी विमान म्हटल्यावर मेडिकलही जुजबीच असणार, असा घरोघरी समज आहे. तो आधी डोक्यातून काढा.

मालक हौसेने स्वतःचं विमान स्वतः चालवत असेल, तर त्याला प्रायव्हेट पायलट लायसन्स आणि क्लास टू मेडिकल पुरतं. तुमचा मुलगा मात्र पगार घेऊन उडवणार. म्हणजे कमर्शियल लायसन्स आलं आणि त्यासोबत क्लास वन मेडिकल आलं. एअरलाइनच्या पायलटला लागतं तेच. परदेशात जायचं तरी प्रत्येक देशाचं वेगळं मेडिकल लागत नाही. 1944 च्या शिकागो करारानुसार विमानाची नोंदणी ज्या देशात, त्या देशाचं लायसन्स चालतं. विमानावर ‘व्हीटी’ने सुरू होणारा क्रमांक असेल तर ते भारतीय, आणि त्याच्या पायलटला दुबईतही डीजीसीएचंच, म्हणजे आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचंच, मेडिकल दाखवायचं. मालकाने तेच विमान अमेरिकेत नोंदवलेलं असेल, तर लायसन्स आणि मेडिकल दोन्ही एफएएचं, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाचं हवं. परक्या विमानतळावर अधिकारी अचानक रॅम्प चेकला येतात, कागद मागतात आणि तारीख बघतात.

ही तारीखच पालक विसरतात. क्लास वन एकदा काढून फ्रेम करून लावण्याची गोष्ट नव्हे. साधारणपणे ते बारा महिने चालतं. साठीनंतर दर सहा महिन्यांनी तपासणी. छोट्या जेटवर एकट्याने प्रवासी घेऊन व्यावसायिक उड्डाण करणार असाल, तर चाळिशीनंतरच सहा महिने. थोडक्यात, निवृत्तीपर्यंत दरवर्षी नोकरी एका ईसीजीवर आणि रक्ताच्या रिपोर्टवर टांगलेली. पंचविशीत चैन म्हणून वाढवलेलं वजन आणि साखर पंचेचाळिशीत व्याजासकट वसूल होते.

तपासणीत चष्म्याची भीती सगळ्यात जास्त, आणि ती बहुतेक वेळा विनाकारण असते. चष्मा लावून प्रत्येक डोळ्याला 6/9 आणि दोन्ही डोळ्यांनी मिळून 6/6 दिसत असेल, तर सहसा अडत नाही. उड्डाणात दुसरा चष्मा जवळ ठेवावा लागतो, इतकंच. नंबर घालवायला घाईने लेसर करून लगेच मेडिकलला जाऊ नका, मध्ये ठरावीक काळ जावा लागतो. खरा धोका रंगांधळेपणाचा. ठिपक्यांत लपलेला आकडा ओळखायच्या इशिहारा चाचणीत मुलगा अडखळतो आणि घरात कुणाला त्याची कल्पनाच नसते. हा दोष मुलांत मुलींपेक्षा कितीतरी जास्त आढळतो आणि बहुतेकदा आईकडून येतो, म्हणून मामाला किंवा आईच्या वडिलांना रंग ओळखताना त्रास होत असेल तर सावध व्हा. सोलापुरातला कोणताही नेत्रतज्ज्ञ दहा मिनिटांत हे सांगेल. ही चाचणी हुकली तर लँटर्नची आणखी एक चाचणी असते, पण त्या भरवशावर पैसे भरू नयेत.

कानाचं मात्र आपल्या गावात जास्त बघायला हवं. पूर्व भागात कित्येक घरांच्या मागच्या खोलीत यंत्रमाग चालतो आणि पोरं त्या खडखडाटातच अभ्यास करतात. क्लास वनला प्रत्येक कान वेगळा तपासतात : 500, 1000 आणि 2000 हर्ट्झला 35 डेसिबलपेक्षा आणि 3000 हर्ट्झला 50 डेसिबलपेक्षा जास्त घट चालत नाही. आवाजाने बिघडणारा कान आधी वरच्या पट्टीत बिघडतो. गप्पा ऐकू येत राहतात, म्हणून घरच्यांना पत्ता लागत नाही. ऑडिओमेट्री दहावीनंतरच करून घ्या आणि मागावर बसणाऱ्याने कानात बोळे घालावेत.

मुलींच्या बाबतीत अनेकदा हिमोग्लोबिन कमी निघतं. त्याने ‘टेम्पररी अनफिट’चा शिक्का बसला तरी घाबरू नका, औषध घ्या, पुन्हा तपासणीला जा. इन्सुलिन चालू असलेला मधुमेह आणि फिट्सचा आजार यांचं तसं नाही. ब्रिटन-अमेरिकेने इन्सुलिनवरच्या पायलटांना कडक अटींवर मुभा दिली आहे. पण आंतरराष्ट्रीय मानकात न बसणारं लायसन्स घेऊन दुसऱ्या देशात जायला त्या देशाची परवानगी लागते. प्रायव्हेट जेटच्या पायलटला ती अट किती जड जाईल, ते सांगायला नको.

लहानपणी आलेली फिट किंवा नैराश्यासाठी घेतलेली औषधं फॉर्ममध्ये लपवायचा सल्ला नातेवाईक हमखास देतात. ऐकू नका. मार्च 2015 मध्ये जर्मनविंग्जच्या सहवैमानिकाने आजार कंपनीपासून लपवला आणि त्यानेच आल्प्समध्ये आदळवलेल्या विमानात 150 जीव गेले. पुढे उघड झालं तर लायसन्सही जातं. आधी सांगितलं तर निदान तपासून निर्णय होतो, अपिलाची वाटही असते.

आता क्रम. फॅमिली डॉक्टरच्या लेटरहेडवरचं ‘फिट’ इथे चालत नाही. डीजीसीएच्या यादीतल्या डॉक्टरकडे आधी क्लास टू करायचं. असे डॉक्टर पुण्या-मुंबईत आहेत. ते झालं की क्लास वन ठरवून दिलेल्या केंद्रांतच. त्यातलं नावाजलेलं म्हणजे बंगळुरूचं हवाई दलाचं इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिन. उद्यान एक्स्प्रेस सोलापूरवरूनच जाते. क्लास वनचा कागद हातात येईपर्यंत बारामती असो की अमेरिका, कुठल्याही फ्लाइंग स्कूलला मोठा हप्ता भरू नका. अमेरिकेत एफएएच्या मेडिकलवर 200 तास पूर्ण करून आलेल्या मुलालाही भारतीय लायसन्ससाठी डीजीसीएचं क्लास वन द्यावंच लागतं, आणि तिथे अडकलं तर बापाने काढलेलं कर्ज मात्र चालूच राहतं.

ॲडमिशनचा एजंट म्हणेल, ‘मेडिकलचं नंतर बघू, बॅच भरत आलीय.’ त्याला एवढंच विचारा, मेडिकलला अनफिट ठरला तर किती फी परत? उत्तर लेखी मागा.