हंगामापुरती मोटारसायकल आणि बारमाही विमा



या पानावर आपण एरवी बेणेप्रक्रिया, खोडव्याची निगा, हुमणीचा बंदोबस्त असे विषय घेतो. आज विषय वेगळा आहे, पण तो उसाच्या फडातूनच निघालेला आहे. तोडणी सुरू झाली की प्रत्येक वस्तीवर एक जुनी मोटारसायकल शेडातून बाहेर निघते. टोळीकडे जायचं, गट ऑफिसला यायचं, रात्री काट्यावर आपली गाडी कुठवर आली ते बघायचं, डबा पोचवायचा, सगळं तिच्यावर. पट्टा पडला की ती पुन्हा शेडात. मधले सहा महिने तिच्यावर धूळ आणि कोंबड्या.

अशा गाडीचा विमा बारा महिने भरावा का, हा प्रश्न मला फिरतीवर वारंवार विचारला जातो. त्याचं उत्तर एका घटनेवरून देतो.

आपल्या तालुक्यातले एक सभासद. नाव सांगत नाही. घरी दोन गाड्या, नवी मुलाकडे आणि जुनी हंगामाची. जुनीचा विमा जूनमध्ये संपला. शेडात उभ्या गाडीला कसला विमा, कार्तिकात बघू, असं म्हणून त्यांनी तो तसाच ठेवला. श्रावणात नातवाला ताप भरला. नवी गाडी सोलापूरला गेलेली. मग जुनीला किक मारली आणि अक्कलकोटला औषधाला निघाले. येताना वळणावर, अंधारात, कडेने चालणाऱ्या एका माणसाला धडक बसली. माणूस वाचला, पण मांडीचं हाड मोडलं आणि मजुरी बुडाली. त्याने नुकसानभरपाईचा दावा लावला. आपल्या सभासदांच्या मागे विमा कंपनी नाही, जो काही निकाल लागेल तो त्यांनी एकट्याने सोसायचा. तारखेहून परत आले तेव्हा मला एवढंच म्हणाले, "साहेब, सातशे रुपये वाचवले हो मी."

कायदा काय सांगतो

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १४६ प्रमाणे सार्वजनिक जागी चालणाऱ्या प्रत्येक मोटार वाहनाला निदान त्रयस्थ व्यक्तीचा, म्हणजे 'थर्ड पार्टी' विमा असलाच पाहिजे. कायद्याला हंगाम माहीत नाही. गाडी वर्षातून एकदाच रस्त्यावर आली तरी त्या वेळी विमा चालू हवा. आणि सार्वजनिक जागा म्हणजे फक्त हमरस्ता नव्हे, लोकांची जा-ये असलेला गावातला रस्ताही त्यात येतो. विम्याविना सापडल्यास कलम १९६ खाली पहिल्या वेळी रु. २,००० दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि दुसऱ्या वेळी दंड रु. ४,०००.

पण खरी भीती दंडाची नाही. न्यायाधिकरणाने ठरवलेली भरपाई आपण दिली नाही, तर कलम १७४ प्रमाणे ती जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करता येते. म्हणजे मोटारसायकलची धडक सातबाऱ्यापर्यंत पोचू शकते, हे पक्कं ध्यानात ठेवावं.

विमा नक्की कुणाचा?

"माझा विमा आहे" असं म्हणणाऱ्या दहांतल्या आठांना तो कुणाचा आहे हे ठाऊक नसतं. चार जण वेगळे करून बघू.

समोरचा : रस्त्यावरचा माणूस किंवा दुसऱ्या गाडीवरचा. याची भरपाई थर्ड पार्टी विम्यातून मिळते. त्याच्या मालमत्तेचं नुकसान झाल्यास दुचाकीच्या पॉलिसीत त्याला साधारण एक लाख रुपयांची मर्यादा असते.

चालवणारा मालक : हा स्वतःच्या पॉलिसीत 'त्रयस्थ' नसतो. त्याच्यासाठी मालक-चालक वैयक्तिक अपघात विमा आहे, रक्कम रु. १५ लाख. २०१८ साली ही रक्कम ठरली तेव्हा वर्षाचा हप्ता रु. ७५० होता. २०१९ पासून कंपन्या आपापला हप्ता लावतात, म्हणून दोन ठिकाणी विचारून घ्यावा. लायसन्स चालू नसेल तर यातून काहीच मिळत नाही.

मागे बसणारा : इथे सर्वांत मोठा गैरसमज आहे. आपल्याच चुकीने गाडी घसरली आणि मागे बसलेली घरची मंडळी जखमी झाली, तर नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीतून त्यांना भरपाई मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली टिळक सिंग प्रकरणात हे स्पष्ट केलं आहे. संपूर्ण, म्हणजे 'पॅकेज' पॉलिसी असेल तर मागे बसणाऱ्याची जबाबदारी कंपनीवर येते. विमा नियामकाने २००९ साली तसं कंपन्यांना कळवलेलं आहे. गुरुवारी जोडीने स्वामींच्या दर्शनाला येणाऱ्यांनी आणि मुकादमाला मागे बसवून फड दाखवणाऱ्यांनी आपली पॉलिसी एकदा उघडून बघावी.

गाडी : चोरी, आग, पूर, अपघाती मोडतोड. ही भरपाई 'ओन डॅमेज' भागातून मिळते. नुसत्या थर्ड पार्टीत गाडीचा एक स्क्रूसुद्धा येत नाही.

पाच वर्षांच्या विम्याची फसगत

१ सप्टेंबर २०१८ पासून नवीन दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम भरावा लागतो. त्यामुळे बरेच जण शोरूममधून निघताना समजतात की पाच वर्षं काळजी मिटली. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी पाच वर्षं असतात ती थर्ड पार्टीची. गाडीचा विमा आणि मालकाचा अपघात विमा पुष्कळदा एकाच वर्षाचा असतो. आणि २०२० च्या दिवाळीत घेतलेल्या गाडीची ती पाच वर्षंही २०२५ च्या दिवाळीत संपली. पॉलिसीवर दोन वेगळ्या तारखा छापलेल्या असतात. दोन्ही वाचाव्यात.

हप्ता किती बसतो

थर्ड पार्टीचा हप्ता सरकार ठरवते, सर्व कंपन्यांचा सारखाच. १ जून २०२२ पासून लागू झालेले वार्षिक दर असे :

७५ सीसीपर्यंत रु. ५३८
७५ ते १५० सीसी रु. ७१४
१५० ते ३५० सीसी रु. १,३६६
३५० सीसीच्या वर रु. २,८०४

वर जीएसटी वेगळा. आपल्याकडच्या बहुतेक गाड्या ७१४ च्या ओळीत बसतात. १८ टक्के करासह रु. ८४३, म्हणजे दिवसाला सव्वादोन-अडीच रुपये. यात फडावरचा चहासुद्धा येत नाही.

गाडीच्या विम्याचा हप्ता मात्र कंपनीगणिक बदलतो. तो गाडीच्या घटत्या किमतीवर काढतात. नव्या गाडीची किंमत सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दुसऱ्या वर्षी २०, तिसऱ्या वर्षी ३०, चौथ्या वर्षी ४० आणि पाचव्या वर्षी ५० टक्के घटलेली धरतात. चोरी झाली तर हीच घटलेली किंमत हातात येते. मोडतोडीत रबर व प्लॅस्टिकच्या भागांची निम्मीच रक्कम मिळते, हेही आधीच माहीत असावं.

सहा महिन्यांच्या विम्याचा हिशेब

आता मूळ प्रश्न. हंगामापुरता सहा महिन्यांचा विमा स्वस्त पडतो का? २००२ च्या जुन्या दरपत्रकात अपुऱ्या मुदतीची एक पट्टी होती. एक महिन्याला वर्षाच्या हप्त्याचे २० टक्के, तीन महिन्यांना ४०, सहा महिन्यांना ७० आणि आठ महिन्यांच्या पुढे पूर्ण हप्ता. म्हणजे निम्म्या मुदतीला निम्मे पैसे हा हिशेब विम्यात चालत नाही.

आणि दुसरा तोटा याहून मोठा. दावा न करता वर्ष काढलं की गाडीच्या हप्त्यात सूट मिळते, तिला 'नो क्लेम बोनस' म्हणतात. ती पहिल्या वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनंतर ५० टक्के. पण पॉलिसी संपल्यावर ९० दिवसांच्या आत नूतनीकरण केलं नाही तर ही सगळी सूट शून्यावर येते. हे आपल्या ऊस नोंदीसारखंच आहे. लागणीची तारीख वेळेत नोंदवली तर तोडणीचा क्रम टिकतो, नाहीतर मागच्या रांगेत.

उदाहरण घेऊ. गाडीची विमा किंमत रु. ४०,००० आणि गाडीचा दर सोयीसाठी १.७ टक्के धरू, म्हणजे रु. ६८०. थर्ड पार्टी रु. ७१४. कर बाजूला ठेवू.

बारमाही विमा, पाच वर्षं दावा नाही : गाडीचे ६८० चे निम्मे ३४०, अधिक ७१४, एकूण रु. १,०५४.
दर वर्षी फक्त सहा महिने, सूट नाही : ६८० अधिक ७१४ म्हणजे १,३९४, त्याचे ७० टक्के, रु. ९७६.

फरक रु. ७८. अठ्ठ्याहत्तर रुपयांसाठी सहा महिने गाडी, घर आणि जमीन उघड्यावर! शिवाय खंड पडल्यावर कंपनी गाडीची तपासणी करूनच पुन्हा गाडीचा विमा देते.

बचतच करायची तर योग्य जागी करावी. जुलै २०२२ मध्ये विमा नियामकाने 'जेवढी चालवाल तेवढा हप्ता' या पद्धतीला गाडीच्या विम्यासाठी परवानगी दिली. कमी किलोमीटर चालणाऱ्या हंगामी गाडीला ही पद्धत सोयीची आहे. दोन गाड्या असतील तर त्या एका पॉलिसीत घेण्याचीही परवानगी त्याच वेळी मिळाली. गाडी फार जुनी असून किंमत दहा-पंधरा हजारच उरली असेल, तर गाडीचा भाग सोडला तरी चालेल, पण मागे कुणाला बसवायचं नाही. थर्ड पार्टी आणि मालकाचा अपघात विमा मात्र सोडू नये.

उभी गाडी सुरक्षित असते का?

ऑक्टोबर २०२० मध्ये बोरी नदीला आलेला पूर आपण विसरलेलो नाही. सांगवी भागात पाणी घरात शिरलं. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेच्या महापुराने जिल्ह्याची दैना केली. दोन्ही पूर गाळप सुरू होण्यापूर्वीचे, म्हणजे हंगामी गाडी शेडात उभी असतानाचे. पाचटाला लागलेली आगही गाडी चालू की बंद ते विचारत नाही. ज्यांचा गाडीचा विमा 'हंगाम संपला' म्हणून संपलेला असतो, त्यांना अशा वेळी काही मिळत नाही. एक सूचना : पाण्यात बुडालेली गाडी किक मारून सुरू करून बघू नये. इंजिनात पाणी असताना सुरू केल्याने झालेलं नुकसान कंपनी सहसा मान्य करत नाही. फोटो काढावेत, कंपनीला कळवावं, गाडी ओढत मेकॅनिककडे न्यावी.

कागदपत्रांतल्या चुका

१. लायसन्स. पन्नाशीच्या आसपासच्या सभासदांनी लायसन्सची तारीख आजच बघावी. मुदत संपलेली असेल तर समोरच्याला कंपनी पैसे देईल, पण पुष्कळदा ते आपल्याकडून वसूल करण्याची मुभा तिला मिळते.

२. नावबदल. हंगाम संपताना जुनी गाडी टोळीतल्या कामगाराला किंवा अफझलपूर-आळंदकडच्या पाहुण्याला विकतात आणि कागद तसेच राहतात. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की नोंदवहीत ज्याचं नाव तोच मालक, भरपाईची जबाबदारी त्याची. गाडी गेली तरी नाव जात नाही. विकत घेणाऱ्यानेही १४ दिवसांत विमा आपल्या नावावर करण्यासाठी कंपनीला अर्ज द्यावा.

३. पोरांच्या हाती गाडी. १८ वर्षांखालील मुलाने चालवताना गुन्हा घडल्यास पालकाला किंवा मालकाला रु. २५,००० दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद आहे, आणि गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते. डबा पोचवायला दहावीतल्या पोराला पाठवू नये.

अपघात झालाच तर

आधी माणूस, मग गाडी. १०८ ला फोन करावा. मे २०२५ पासून लागू झालेल्या केंद्राच्या योजनेत रस्ते अपघातातल्या जखमीला नेमलेल्या दवाखान्यात सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत विनारोख उपचार आहेत. पोलिसांत नोंद करावी. तिथल्या तिथे तडजोड करून कागद फाडून टाकू नयेत. कंपनीला लगेच कळवावं. धडक देणारं वाहन पळून गेलं आणि सापडलंच नाही, तरी मृत्यूस दोन लाख आणि गंभीर दुखापतीस पन्नास हजार रुपये मिळण्याची तरतूद १ एप्रिल २०२२ पासून आहे. अर्ज प्रांत किंवा तहसीलदारांकडे करतात.

याशिवाय बँक खात्यातून वर्षाला रु. २० कापून मिळणारा प्रधानमंत्री सुरक्षा विमा, वय १८ ते ७०, अपघाती मृत्यूस दोन लाख. आणि राज्याची गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना. तिचा अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे ३० दिवसांत द्यावा लागतो. दुःखात ही मुदत निघून जाते, म्हणून शेजाऱ्यांनी आठवण करावी.

शेवटी एक विनंती. या खेपेस ऊस नोंदीची पावती ज्या पिशवीत ठेवाल, त्याच पिशवीत गाडीची पॉलिसी, आर.सी. बुक आणि लायसन्स ठेवा, आणि विमा संपण्याची तारीख कॅलेंडरवर ठळक लिहा. कागद समजला नाही तर गट ऑफिसला घेऊन या. आमचे शेतकी मदतनीस आणि मी मिळून वाचून दाखवू. फडात उसाचं वजन घटलं तर पुढच्या साली भरून काढता येतं. रस्त्यावर जे जातं ते पुढच्या साली येत नाही.

आपला,
ऊस विकास अधिकारी