थॉमस चषक

मधे जाळी. जाळीच्या दोन्ही बाजूंना खेळाडू. प्रत्येकाच्या हातात हलकी रॅकेट. बुचाला पिसे लावून केलेले फूल रॅकेटने पलीकडे टोलवायचे. आपल्या बाजूला ते जमिनीवर पडू द्यायचे नाही. या खेळाला बॅडमिंटन म्हणतात. तालुक्याच्या गावी हा खेळ तुम्ही पाहिला असेल. नसेल, तर शाळेच्या अंगणात दोरी बांधून खेळणारी पोरे तरी पाहिलीच असतील.

हे फूल म्हणजे मोठी गमतीची वस्तू आहे. त्याला १६ पिसे असतात. त्याचे वजन सुमारे ५ ग्रॅम भरते. जरा वारा सुटला की ते भलतीकडेच जाते. म्हणून मोठे सामने बंद दालनात खेळतात.

पुणे आणि बॅडमिंटन

या खेळाचे आणि आपल्या महाराष्ट्राचे जुने नाते आहे. सुमारे दीडशे वर्षांपूर्वी पुण्याच्या छावणीतले इंग्रज अधिकारी हा खेळ खेळत. त्यामुळे त्याला 'पूना' असेही म्हणत. पुढे हे अधिकारी रजेवर मायदेशी गेले आणि खेळही त्यांच्याबरोबर गेला. इंग्लंडात एका सरदाराचा मोठा वाडा आहे. त्या वाड्याचे नाव बॅडमिंटन. तेच नाव खेळाला कायमचे चिकटले.

चषक कसा सुरू झाला

सर जॉर्ज थॉमस हे इंग्लंडचे नामांकित खेळाडू होते. देशादेशांच्या संघांनी एकमेकांशी खेळावे, असे त्यांना वाटे. म्हणून १९३९ साली त्यांनी एक चांदीचा चषक दिला. चषक म्हणजे कप. पण त्याच वर्षी दुसरे महायुद्ध पेटले. त्यामुळे पहिली स्पर्धा १९४८-४९ साली झाली. मलाया देशाने डेन्मार्कला हरवून ती जिंकली. ही स्पर्धा पुरुषांची आहे. पुढे बायकांच्या संघांसाठी उबेर चषक सुरू झाला.

आता या स्पर्धेची रीत समजून घ्या. दोन देश समोरासमोर आले की एकूण ५ सामने ठरवतात. त्यांत ३ सामने एकेरी, म्हणजे एकास एक. बाकीचे २ दुहेरी, म्हणजे दोघांस दोघे. जो देश आधी ३ सामने जिंकेल तो विजयी. १९८४ च्या आधी ५ ऐवजी ९ सामने होत असत.

यातली मेख तुमच्या ध्यानात आली का? एकच खेळाडू कितीही बलवान असला, तरी तो एकट्याने चषक आणू शकत नाही.

नंदू नाटेकर

नंदू नाटेकर यांचा जन्म १९३३ साली सांगलीला झाला. १९५६ साली त्यांनी मलायात क्वालालंपूरला एक आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकली. परदेशात असे यश मिळवणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू. १९६१ साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला.

१९५१ ते १९६३ या काळात नाटेकर थॉमस चषकासाठी भारताकडून खेळले. एकेरीचे १६ सामने खेळले, त्यांतले १२ जिंकले. केवढे हे यश! तरी चषक भारतात आला नाही. १९५२, १९५५ आणि १९७९ साली भारत उपांत्य फेरीपर्यंत, म्हणजे अंतिम सामन्याच्या उंबरठ्यापर्यंत गेला. पण उंबरठा काही ओलांडता आला नाही. २०२१ साली पुण्याला नाटेकर वारले.

बँकॉकचा विजय

पुढच्याच वर्षी, २०२२ साली, थायलंडमध्ये बँकॉकला ही स्पर्धा भरली. भारताचे खेळाडू वेगवेगळ्या प्रांतांतले होते. लक्ष्य सेन उत्तराखंडचा. किदंबी श्रीकांत आणि सात्त्विकसाईराज रंकीरेड्डी आंध्रचे. एच. एस. प्रणॉय केरळचा. आणि चिराग शेट्टी आपल्या मुंबईचा. चिराग आणि सात्त्विक ही दुहेरीची जोडी.

आधी मलेशियाशी गाठ पडली. लक्ष्य आपला सामना हरला. पण चिराग-सात्त्विक जिंकले, श्रीकांत जिंकला. दुसरी जोडी हरली. दोन-दोन अशी बरोबरी झाली. शेवटचा सामना प्रणॉयचा होता. तो त्याने जिंकला आणि भारत पुढे गेला.

मग डेन्मार्क. पुन्हा तसेच झाले! लक्ष्य हरला, पुन्हा दोन-दोन बरोबरी, पुन्हा सारा भार प्रणॉयवर. खेळता खेळता त्याचा पाय घसरला, घोटा दुखावला. उपचार करून तो पुन्हा उभा राहिला आणि जिंकला.

१५ मे २०२२ रोजी अंतिम लढत झाली. समोर इंडोनेशिया. या देशाने त्याआधी १४ वेळा चषक जिंकला होता. भारताने पहिल्या सामन्याला लक्ष्यलाच उतरवले. लागोपाठ दोनदा हरलेला हा पोरगा! पहिला डाव तो ८-२१ असा हरला. पण पुढचे दोन्ही डाव त्याने जिंकले. मग चिराग-सात्त्विक पहिला डाव हरूनही जिंकले. श्रीकांतने तिसरा सामना जिंकला. तीन-शून्य! चषक प्रथमच भारतात आला. प्रणॉयला त्या दिवशी खेळावेच लागले नाही.

आपण काय घ्यायचे?

पावसाळ्यात चिखलात बंडी रुतते. बैल कितीही तगडे असोत, चाकाला हात लावणारे चार गडी लागतातच. संघाचे असेच असते. लक्ष्य हरला तेव्हा बाकीच्यांनी भार उचलला. प्रणॉयचा पाय दुखावला होता, त्या दिवशी लक्ष्य उभा राहिला. हरलेल्या गड्याला संघाने बाजूला बसवले नाही, म्हणूनच तो जिंकू शकला. गावातल्या बचत गटात किंवा सोसायटीत एखाद्याचे काम एकदा बिघडले, तर त्याला लगेच काढू नये. त्याला पुन्हा संधी देऊन पाहावी.

वाचा, विचार करा आणि लिहा

१. थॉमस चषकात एका लढतीत किती सामने ठरवतात? किती जिंकावे लागतात?
२. नाटेकर इतके सामने जिंकूनही चषक का आला नाही?
३. लक्ष्य सेनला अंतिम लढतीत बसवून ठेवले असते, तर ते तुम्हाला योग्य वाटले असते का? चार ओळी लिहा.